क्यूबाची अर्थव्यवस्था

क्यूबाची अर्थव्यवस्था : कॅरिबियन समुद्रातील क्यूबा या बेटराष्ट्राची, कम्युनिस्ट पक्षाच्या एकपक्षीय सत्तेखालील व मुख्यतः राज्याच्या मालकीची अर्थव्यवस्था. १९५९ च्या क्रांतीने जमिनी, कारखाने व बँका यांची मालकी बदलली आणि केंद्रीय नियोजन आणले. मात्र एका बड्या देशाने साखर घ्यायची किंवा तेल पुरवायचे आणि त्यावर सारा देश चालायचा, ही जुनी घडी क्रांतीनेही मोडली नाही. क्यूबावरील बहुतेक मोठ्या आर्थिक संकटांचे मूळ तिच्यात आहे.

क्रांतीपूर्वी निर्यातीतील सुमारे चार-पंचमांश वाटा साखरेचा होता आणि मुख्य ग्राहक होता अमेरिका. गाळप हंगाम संपला की ऊसतोड मजूर कित्येक महिने बेकार राहत. मे १९५९ मध्ये जमीन सुधारणा कायदा आला. अमेरिकी कंपन्यांनी सोव्हिएत कच्चे तेल शुद्ध करायला नकार दिला, तेव्हा क्यूबाने त्यांचे तेलशुद्धीकरण कारखाने ताब्यात घेतले. अमेरिकेने साखरेचा कोटा कापला आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये जवळजवळ संपूर्ण व्यापारबंदी लादली. सोव्हिएत संघ नवा ग्राहक झाला. बाजारभावापेक्षा चढ्या दराने तो साखर घेई व तेल देई. मार्च १९६८ मध्ये उरलीसुरली खाजगी दुकाने, खानावळी व फेरीवाल्यांचे धंदेही सरकारजमा झाले. १९७० च्या हंगामात एक कोटी टन साखरेचे लक्ष्य ठेवून शहरांतले कामगार आणि विद्यार्थीही उसाच्या फडात उतरवले गेले. उत्पादन विक्रमी, सुमारे ८५ लाख टन झाले, पण बाकीचे उद्योग मनुष्यबळाअभावी कोलमडले. १९७२ मध्ये क्यूबा कोमेकॉन या समाजवादी व्यापारगटात सामील झाला.

टंचाईतही कोणी उपाशी राहू नये म्हणून १९६२ मध्ये ‘लिब्रेता’ ही रेशनपुस्तिका सुरू झाली. तांदूळ, कडधान्ये, साखर, तेल, कॉफी हे जिन्नस बोदेगा या सरकारी दुकानात नाममात्र दराने मिळू लागले. सात वर्षांखालील मुलांना दूधही मिळे. मंत्र्यापासून मजुरापर्यंत सर्वांना सारखाच वाटा, ही या व्यवस्थेची खरी ताकद होती. पुढे शिधा आटत गेला आणि महिन्याच्या पहिल्या काही आठवड्यांपलीकडे पुरेनासा झाला.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर जो काळ आला त्याला सरकारने ‘शांततेच्या काळातील विशेष कालखंड’ म्हटले. परदेशी व्यापारापैकी सुमारे ८५ टक्के कोमेकॉन गटाशी होता, तोच तुटला. १९८९ ते १९९३ दरम्यान राष्ट्रीय उत्पन्न सुमारे एक-तृतीयांशाने घटले. ट्रॅक्टरांना इंधन उरले नाही म्हणून बैल पुन्हा शेतात आले, तर हवानाच्या रस्त्यांवर चीनहून आणवलेल्या लाखो सायकली धावू लागल्या. आहारातील जीवनसत्त्वांच्या अभावामुळे सुमारे ५०,००० लोकांना मज्जातंतूंचा विकार जडला. अनेकांची दृष्टी मंदावली. याच हलाखीत शहरांतील मोकळ्या जागांवर ‘ऑर्गानोपोनिको’ हे सेंद्रिय भाजीमळे फुलले. ती लोकांची स्वतःची कमाई होती आणि तिचे कौतुक व्हायलाच हवे.

१९९३ मध्ये डॉलर बाळगणे कायदेशीर झाले आणि काही व्यवसायांत स्वयंरोजगाराला मुभा मिळाली. १९९४ पासून डॉलरच्या बरोबरीचा परिवर्तनीय पेसो साध्या पेसोच्या जोडीने चालू लागला. विनिमय केंद्रावर एका परिवर्तनीय पेसोला २४-२५ साधे पेसो पडत, पण सरकारी कंपन्यांच्या हिशेबात दोन्ही सारखेच धरले जात. त्यामुळे आयात फुकटासारखी स्वस्त दिसे आणि निर्यात करणारा तोट्यात जाई. बक्षिसीवर जगणारा हॉटेलातला वाढपी शल्यचिकित्सकापेक्षा जास्त मिळवू लागला. समतेच्या राज्यात यापेक्षा खोल जखम दुसरी नसेल. १ जानेवारी २०२१ रोजी दोन्ही चलने एकत्र करण्यात आली, परंतु करोनाने पर्यटन बसलेले असताना. महागाई उसळली आणि काळ्या बाजारात पेसो गडगडला.

२००० च्या करारानंतर व्हेनेझुएलाने तेल दिले, क्यूबाने डॉक्टर पाठवले. वैद्यकीय सेवा हा तेव्हापासून परकीय चलनाचा मोठा स्रोत आहे. त्याखेरीज मोआचे निकेल, पिनार देल रिओची तंबाखू, पर्यटन आणि परदेशस्थ नातलगांचे पैसे. साखरेची मात्र दैना झाली. २००२ पासून जवळपास निम्मे कारखाने बंद झाले, २०२२-२३ चा हंगाम साडेतीन लाख टनांच्या आसपास आटोपला आणि देशावर साखर आयातीची वेळ आली.

या दुरवस्थेला व्यापारबंदी जबाबदार की नियोजन, हा वाद जुना आहे. व्यापारबंदीमुळे कर्ज, जहाजवाहतूक व सुटे भाग महागतात, हे निर्विवाद. तरीही अमेरिकेकडून रोखीने कोंबडी विकत घेणाऱ्या या देशात सुपीक जमीन माराबू या काटेरी झुडपाखाली पडून राहते. शेतकऱ्याला न परवडणारे सरकारी खरेदीदर लक्षात घेतल्याशिवाय याचा उलगडा होत नाही.

२०२१ पासून शंभरपर्यंत कामगारांच्या खाजगी कंपन्यांना परवानगी आहे; दुकानांतला बराचसा माल आता त्याच आणतात. पेन्शनरांना त्यांचे दर झेपत नाहीत. त्यातच वीजकेंद्रे जुनाट झाली असून इंधन अपुरे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मातान्सास येथील आन्तोनियो गितेरास केंद्र बंद पडल्याने सारा देश अंधारात गेला आणि पुढील महिन्यांतही तसे पुन्हा घडले.