होलिस्टिक ॲडमिशन: हे प्रकरण आलं कुठून?

फोंड्यात आमच्या शेजारची मुलगी, बारावीला ९६ टक्के, सॅट या तिकडच्या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर चांगला, अमेरिकेत सात-आठ ठिकाणी अर्ज केलेले. दोन कॉलेजांनी नाही म्हटलं आणि त्या दोघांपेक्षा जास्त कठीण म्हणतात त्याने घेतलं. तिच्या बाबांचा पहिला प्रश्न, "त्या दोघांकडे किती मार्कांनी गेलं?" इथे गोव्यात पर्वरीला ॲडमिशनच्या राऊंडला नंबर येईपर्यंत बसलेला माणूस, तो दुसरं काय विचारणार. पण ते मार्कांनी गेलेलंच नव्हतं, तिकडे कटऑफ लागतच नाही, सगळी फाईल वाचून एक कमिटी ठरवते आणि त्याला होलिस्टिक म्हणतात.

आता हा शब्द आपल्याकडे भलताच गोंधळ करतो. नव्या शैक्षणिक धोरणामुळे शाळांत होलिस्टिक प्रोग्रेस कार्ड आलं, मराठीत समग्र, सर्वांगीण वगैरे, त्यामुळे ऐकायला छान वाटतं, मुलाचा अभ्यास, खेळ, स्वभाव सगळं बघतात म्हणजे चांगलंच की. पण मुलाची प्रगती सांगायला सगळं बघणं वेगळं आणि दोन हजार जागांसाठी साठ हजार मुलांतून निवडायला सगळं बघणं वेगळं. दुसऱ्याची जन्मकथा काही फार छान नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडच्या मोठ्या कॉलेजांत साधा हिशोब होता, विषयांची परीक्षा पास व्हा आणि या. मग ज्यू घरांतली मुलं ती परीक्षा भराभर पास व्हायला लागली. हार्वर्डमध्ये १९२५ पर्यंत नव्या बॅचमध्ये त्यांचा आकडा पाव हिस्स्याच्या वर गेला. तिथल्या अध्यक्षांना ज्यू मुलांच्या संख्येवर मर्यादा घालणारा उघड कोटा हवा होता, प्राध्यापकांनी तो १९२३ मध्ये फेटाळला. मग १९२६ मध्ये बॅचची संख्या हजारावर बांधली, अर्जाला फोटो सक्तीचा केला आणि 'कॅरॅक्टर' बघायला सुरुवात झाली. त्याआधीच फॉर्ममध्ये एक प्रश्न घुसवला होता, जन्मापासून तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल केलाय का. आडनाव बदललेला ज्यू ओळखायला, दुसरं काय. कोटा न लावता पुढच्या वर्षांत तो आकडा पडलाच. म्हणजे हे मोजता न येणारं जे काही आहे ते चुकून शिरलेलं नाही, मोजमापातून नको ती मुलं आत यायला लागली म्हणून मुद्दाम आणलेलं आहे, निदान माझं तरी हेच मत.

पुढे तेच हत्यार उलट्या बाजूनेही वापरलं गेलं, काळ्या आणि इतर मागे ठेवलेल्या मुलांना जागा मिळावी म्हणून. आणि इथे २३ जून २००३ चे दोन निकाल बघण्यासारखे आहेत. दोन्ही अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे, दोन्ही मिशिगनच्या एकाच विद्यापीठाबद्दल, एकाच दिवशी. पदवीच्या ॲडमिशनला १५० पॉइंटांचा तक्ता होता, १०० झाले की साधारण आत. राज्यातला रहिवासी असेल तर १०, आईबाप तिथेच शिकलेले असतील तर ४, ठराविक अल्पसंख्य गटातला असेल तर २०, आणि सॅटला पैकीच्या पैकी मिळाले तरी फक्त १२. हे कोर्टाने रद्द केलं. त्याच विद्यापीठाचं लॉ स्कूल तोच विचार करत होतं पण पॉइंट न लिहिता, फाईल वाचून, ते ५ विरुद्ध ४ ने मान्य झालं. म्हणजे आकडा कागदावर लिहिलात तर बेकायदा आणि मनात ठेवलात तर चालेल! विरोधी मत देणाऱ्या एका न्यायमूर्तींनी लिहिलंच की लपूनछपून करण्यापेक्षा उघड सांगितलेलं बरं. त्यानंतर पॉइंट देणारी कॉलेजं शहाणी झाली आणि सगळीकडे होलिस्टिक.

आपल्याकडे याच्या बरोबर उलटं झालं होतं, आणि बरंच आधी. श्रीनगरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात लेखीला १०० आणि तोंडीला ५० मार्क होते, तोंडी दोन-तीन मिनिटांत उरकायची, आणि मुलांची तक्रार अशी की प्रश्न विषयाचे नव्हतेच, वडील काय करतात, राहता कुठे, असले. आपल्या सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर १९८० मध्ये सांगितलं की तोंडीला एकूण मार्कांच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त देणं म्हणजे मनमानी, आणि जमलं तर मुलाखती टेप करा. तो १५ चा आकडा पुढे २०२२ मध्ये दिल्लीतल्या एका अल्पसंख्याक कॉलेजच्या भांडणात परत दिसला, तिथे फक्त ख्रिश्चन जागांसाठी ८५ टक्के सीयूईटी (विद्यापीठांची सामाईक प्रवेशपरीक्षा) आणि १५ टक्के मुलाखत. आपल्याला मार्क म्हणजे न्याय असं वाटतं ते असं मुरलेलं आहे (कोचिंगची फी कोण भरू शकतं हा विषय आपण त्यात काढतच नाही).

तिकडे अलीकडचं सगळ्यांना माहीत असेल. हार्वर्डवर खटला भरला गेला, २०१८ च्या सुनावणीत 'पर्सनल रेटिंग' बाहेर आलं. स्वभाव, धैर्य, माणूस कसा आहे याला आकडा, आणि आशियाई मुलांना ॲडमिशन ऑफिसकडून तो सरासरीने कमी. प्रत्यक्ष भेटून मुलाखत घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या आकड्यांत तसा फरक नव्हता. २९ जून २०२३ ला तिकडच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ॲडमिशनमध्ये वंश बघणं बंद झालं, पण आपल्या अनुभवात वंशाचा काय वाटा हे निबंधात लिहायला मोकळीक राहिली. म्हणजे सगळा भार परत निबंधावर, ६५० शब्द. शेजारच्या मुलीने चतुर्थीच्या घुमट आरतीवर लिहिला होता (घुमट म्हणजे आपलं मातीचं तालवाद्य). आरतीत घुमट वाजवण्याची तिची दहा वर्षं ॲक्टिव्हिटीच्या रकान्यातही बसवायची होती, तिथे मर्यादा १५० अक्षरांची, घुमट म्हणजे काय हे सांगण्यातच अर्धी गेली.

कोविडमध्ये सॅट ऐच्छिक केलेली ती बरीच कॉलेजं २०२४ पासून परत सक्तीकडे वळलीत. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देणं कॅलिफोर्नियाने कायद्याने बंद केलं, सप्टेंबर २०२५ पासून, खाजगी कॉलेजांनाही. बाकी बहुतेक राज्यांत खाजगी कॉलेजांना तसं बंधन नाही, आणि आईवडील कुठल्या कॉलेजात शिकले हा रकाना फॉर्ममध्ये आहे. तिच्या बाबांनी तिथे फोंड्याजवळच्या फर्मागुढीचं कॉलेज लिहिलं.