साडेत्रेसष्ट अंशांचे आकाश

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण आढळला आणि दोन वर्षांनी, १८९८ साली, शहराची दाटी मोकळी करण्यासाठी ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. बीआयटी चाळींच्या नावातील तीन अक्षरे याच ट्रस्टची. या ट्रस्टने इमारतींमधील अंतरासाठी वापरलेला एक नियम मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. खिडकी असलेल्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक रेषा कल्पावी. ती जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा मोठा कोन करता कामा नये, असा तो नियम होता. आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागचा हिशेब अगदी साधा आहे. ६३.५ अंशांचा टॅन्जंट, म्हणजे उंची भागिले अंतर, जवळजवळ २ येतो. म्हणजे समोरची इमारत ६० फूट उंच असेल, तर मध्ये किमान ३० फूट मोकळी जागा हवी. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांमधील उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान देऊन या कोनाची बाजू मांडली होती.

गंमत अशी की, ज्या रोगामुळे हे सारे सुरू झाले त्याचा उजेडाशी थेट संबंध नव्हता. प्लेग कोंदट हवेतून नव्हे, तर उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्येच कराचीत दाखवून दिले. क्षयरोगाच्या बाबतीत मात्र ट्रस्टचा कोन बरोबर ठरतो. क्षयाचे जंतू हवेत तरंगत राहतात, हवा खेळती असली की विरळ होतात आणि उन्हातील अतिनील किरणांनी मरतात. यातील अतिनील किरणांचा बराचसा भाग खिडकीची काच अडवते, त्यामुळे बंद काचेमागच्या उन्हावर फार विसंबता येत नाही. खिडकी उघडी असणे महत्त्वाचे.

घरात येणाऱ्या उजेडाचा विचार करताना आपण सहसा उन्हाचा विचार करतो, आणि माझ्या मते घोळ इथेच होतो. खोलीला दिवसभर उजेड पुरवते ते मुख्यतः आकाश. भर दुपारच्या उन्हात बाहेर सुमारे १,००,००० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो, तर ढगाळ दिवशी साधारण १०,०००. या दुसऱ्या आकड्याचे अवघे दोन टक्के खोलीत पोहोचले तरी २०० लक्स होतात आणि घरातली बहुतेक कामे दिव्याविना चालतात. पूर्ण झाकोळलेले आकाश सर्वत्र सारखे उजळ नसते, हेही इथे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रकाशमापनात प्रमाण मानलेल्या ढगाळ आकाशात डोक्यावरचा भाग क्षितिजालगतच्या भागापेक्षा तिप्पट तेजस्वी धरला जातो. मुंबईचा आषाढ-श्रावण आठवला, तर या तपशिलाचे मोल कळते. खिडकीचा वरचा भाग आकाशाचा उंचावरचा, अधिक उजळ पट्टा पाहतो, म्हणून जुन्या घरांच्या उंच खिडक्या आणि छताखालचे झरोके आकाराच्या मानाने पुष्कळ उजेड देतात. साधारणपणे खिडकीचा माथा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत आत कामापुरता उजेड पोहोचतो. छत खाली आणले की खोलीचा मागचा भाग अंधारात जातो, मग खिडकी कितीही रुंद असो.

आपला डोळाही आकाशासाठीच घडलेला असावा, असे वाटायला लावणारा एक शोध २००० सालाच्या आगेमागे लागला. दृष्टिपटलावर दंडपेशी आणि शंकुपेशी या पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींखेरीज काही चेतापेशी मेलॅनॉप्सिन नावाच्या रंगद्रव्यामुळे स्वतःच प्रकाश टिपतात. त्यांचे मुख्य काम दृश्य दाखवणे नसून मेंदूतील जैविक घड्याळाला दिवस उजाडल्याची वर्दी देणे हे आहे. सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात, आणि निरभ्र आकाशाच्या प्रकाशात याच रंगाची रेलचेल असते. दिवसभर मंद उजेडात राहणाऱ्या माणसाच्या या घड्याळाला मिळणारा इशारा क्षीण असतो. त्याला स्वतःला मात्र ते जाणवत नाही, कारण पाहणारा डोळा मंद उजेडाला सहज सरावतो.

उजेड हवा म्हणून सगळी घरे काचेची करावीत, असा याचा अर्थ नाही. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, आणि डिसेंबरातही दुपारी तो क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो. दक्षिणेच्या भिंतीवरचे दुपारचे ऊन त्यामुळे साध्या छज्जाने अडवता येते. खरी अडचण पश्चिमेची आहे. दुपारनंतर सूर्य खाली उतरतो, आडव्या छज्जाखालून किरण थेट घरात शिरतात आणि पावसाळ्यात त्याच बाजूने झड येते. पण समुद्राचा वारा आणि समुद्राचे दृश्य हीदेखील पश्चिमेलाच! जुन्या बंगल्यांनी हा पेच भोवताली व्हरांडा फिरवून सोडवला होता. कंबाला हिलवरची ‘कांचनजंगा’ ही २८ मजली इमारत १९८३ साली पूर्ण झाली, तेव्हा वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी तोच व्हरांडा उभ्या मनोऱ्यात नेला. त्यांनी कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या गच्च्या कोरून काढल्या आणि राहत्या खोल्या त्यांच्यामागे, सावलीत ठेवल्या.

व्हरांड्याचा किंवा वाड्यातल्या ओसरीचा आणखी एक उपयोग आहे, तो डोळ्यांसाठी. बाहुलीचा व्यास साधारण २ ते ८ मिलिमीटर इतका बदलू शकतो, म्हणजे आत येणारा प्रकाश फार तर सोळापट कमी-अधिक होतो. अंगणातील ऊन आणि माजघरातला उजेड यांत मात्र शेकडो पट फरक असतो. उरलेली तडजोड दृष्टिपटलातील रसायनांनी करायची असते आणि तिला वेळ लागतो. अंगण, ओसरी, माजघर असा टप्प्याटप्प्याचा प्रवेश हा वेळ मिळवून देतो. पणजीची कला अकादमी, हीही कोरिया यांचीच, सार्वजनिक इमारतीत नेमके हेच करते. रस्त्यावरून आत येणारा माणूस आधी खुल्या चौकटीच्या मांडवाखाली, मग भिंती नसलेल्या सावलीच्या जागेत येतो आणि तिथून तसाच मांडवी नदीच्या काठापर्यंत जाऊ शकतो. तिकीट काढण्याआधीच डोळे आणि कान रस्त्यापासून दूर आलेले असतात.

कांचनजंगात एकूण ३२ घरे आहेत, हेही सांगितले पाहिजे. त्याच शहरात गोवंडी परिसरातील पुनर्वसन वसाहतींमध्ये आठ-आठ मजल्यांच्या इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. उंची २४ मीटर धरली, तर ऑर यांच्या रेषेचा कोन सुमारे ८३ अंशांवर जातो. उरतो सात अंशांचा पट्टा, तोही थेट माथ्यावरचा, आणि तळमजल्यावरच्या खोलीत उभे राहून तो दिसणे शक्यच नाही. तिथे पोहोचतो तो समोरच्या भिंतीवरून परतलेला उजेड. भिंत मळकी असेल तर तोही नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने या वसाहतींचा जो अभ्यास केला, त्यात कमी उजेड आणि कमी हवा असलेल्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचे प्रमाण अधिक दिसले. दाटी, आहार, औषधोपचार यांचा वाटा त्यात आहेच, तरीही मजल्यानुसार पडणारा फरक दुर्लक्षिण्यासारखा नाही.

नकाशावरच्या हिशेबात न दिसणारी एक गोष्ट अशा बोळांत घडते. समोरचे घर तीन मीटरवर असले की त्यांच्या घरातले बोलणे, कुकरची शिट्टी, टीव्ही हे सगळे दोन समांतर भिंतींवर आपटत वर चढते आणि खिडकीतून थेट नजरानजर होते. म्हणून लोक पडदा ओढतात, त्यामागची खिडकीही लावून घेतात आणि दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावून जेवायला बसतात.