एकाच अल्बमच्या दोन रेकॉर्डी वेगळ्या का वाजतात

लेड झेपलिन या रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमची जुनी अमेरिकन रेकॉर्ड हातात आली की जाणकार माणूस कव्हर नंतर बघतो, आधी रेकॉर्ड उजेडात तिरकी धरतो आणि लेबलच्या भोवतीचा तो गुळगुळीत काळा पट्टा निरखतो. तिथे 'आरएल' अशी दोन अक्षरं हाताने कोरलेली सापडली की त्याचा चेहराच बदलतो. आरएल म्हणजे रॉबर्ट लुडविग, १९६९ साली ही रेकॉर्ड कट करणारे, म्हणजे टेपवरचं संगीत चकतीवर खाचेच्या रूपात कोरणारे इंजिनियर. त्यांनी आवाजाची पातळी इतकी वर ठेवली होती की स्वस्तातल्या प्लेयरवर सुई उड्या मारायला लागली, आणि मग कंपनीने ते कटिंग बाजूला ठेवून कमी पातळीचं दुसरं करून घेतलं, हे स्वतः लुडविग यांनीच सांगितलंय. म्हणजे बघा, गाणी तीच, वाजवणारे तेच चौघं, तरी दोन्ही रेकॉर्डी लागोपाठ लावल्या तर ड्रम्स वेगळेच लागतात कानाला.

मला हे प्रकरण फार आवडतं, कारण आपण रेकॉर्डींच्या आवाजाला सरसकट 'विनाइलचा आवाज' म्हणतो, उबदार म्हणतो, भरीव म्हणतो, पण असा एक ठरलेला आवाज नसतोच. तुम्ही दोन रेकॉर्डींमध्ये जो फरक ऐकता त्यातला बराचसा हा रेकॉर्ड कट करणाऱ्या माणसाने त्या १२ इंचांत जागा कशी वाटली याचा असतो. माझं तर मत आहे की कोणी कट केली हे विचारल्याशिवाय विनाइलच्या आवाजावर बोलूच नये.

जागेचं गणित असं. एलपी, म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्ड, १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने आणली, मिनिटाला ३३⅓ फेरे. एका बाजूला २२ मिनिटं धरली तर साधारण ७३० फेरे होतात, आणि ती एकच सलग खाच, म्हणजे ग्रूव्ह, उलगडून सरळ पसरली तर जवळपास अर्धा किलोमीटर भरेल. या खाचेच्या भिंती आवाजाप्रमाणे नागमोडी असतात, सुई त्यात डुलते आणि त्या डुलण्याची वीज होते. आता गोची अशी की खालचे सूर, म्हणजे बेस गिटार, किक ड्रम वगैरे, यांचं वळण फार मोठं लागतं. सुईचा वेग सारखाच ठेवायचा म्हटला तर ५० हर्ट्झच्या सुराचा झोका १००० हर्ट्झच्या सुरापेक्षा वीसपट रुंद होतो. तसंच कापत गेलो तर शेजारच्या खाचेत घुसू आणि एका बाजूला जेमतेम काही मिनिटं मावतील.

त्यावर उपाय म्हणजे कापतानाच बेस मुद्दाम दाबायचा आणि वरचे सूर चढवायचे, आणि ऐकताना याच्या बरोब्बर उलट करायचं. आधी प्रत्येक कंपनीचं माप वेगळं होतं, १९५४ मध्ये रिया (RIAA, अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) हिच्या नावाची एकच वक्ररेषा ठरली आणि पुढे सगळे त्यावर आले. हे काही थोडंथोडकं नाही हं, २० हर्ट्झला जवळजवळ २० डेसिबल खाली आणि २० हजार हर्ट्झला जवळजवळ तेवढंच वर, म्हणजे दोन्ही टोकांना साधारण दहापट फरक. उलटं करायचं काम फोनो प्रीअँप, म्हणजे टर्नटेबल आणि अँप्लिफायर यांच्या मधला छोटा डबा, करतो. तो न लावता टर्नटेबल थेट साध्या इनपुटला जोडून बघा, आवाज बारीक, चिरका, पत्र्यासारखा येतो. खाचेत खरं तर तसाच आवाज कोरलेला असतो! आणि वरचे सूर परत खाली आणताना त्यांच्यासोबत खाचेची खरखरसुद्धा दाबली जाते, हा फुकटचा फायदा.

एवढं करूनही बेसला जागा लागतेच, त्यामुळे वेळ आणि जोर यांची कायम ओढाताण. बाजू जितकी लांब तितक्या खाचा जवळजवळ, तितकी पातळी कमी, आणि पातळी कमी म्हणजे तुम्ही व्हॉल्यूम वाढवणार आणि सोबत खरखरही वाढणार. टॉड रंडग्रेनने १९७५ च्या इनिशिएशन या अल्बममध्ये एकाच एलपीवर तासाभराहून जास्त संगीत बसवलं, आणि सोबत सूचनाच छापली की सुई झिजलेली असेल तर रेकॉर्ड खराब होईल आणि आवाज लहान वाटला तर टेपवर उतरवून ऐका. मला त्याचा हा सरळपणा फार भावतो. दहा वर्षांनी डायर स्ट्रेट्सच्या ब्रदर्स इन आर्म्सच्या वेळी दुसरा मार्ग निवडला, सीडीवर गाणी पूर्ण ठेवली आणि एलपीवर काही गाणी कापून छोटी केली. त्यामुळे या अल्बमची सीडी आणि एलपी शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याने आधी घड्याळ लावून बघावं.

आता जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. रेकॉर्डचे फेरे ठरलेले, पण बाहेरचा फेरा मोठा आणि आतला लहान, त्यामुळे बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर सरकते आणि शेवटच्या गाण्यापर्यंत पोचता पोचता फक्त २१ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच एका सेकंदाचं संगीत अर्ध्याहून कमी लांबीत कोंबायचं. १० हजार हर्ट्झची एक लाट, झांजेची चमक समजा, बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते ती आत २१ मायक्रॉनची होते. आणि साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच १५ ते १८ मायक्रॉन! ते टोक एवढ्या बारीक वळणात बसणार कसं, ते वळणावरून घसरत जातं, आणि मग गायकाचा 'स' फिसफिसतो आणि झांज वाळू सांडल्यासारखी वाजते. याच्यासाठीच लंबगोल सुया आणि त्याहून बारीक धारेच्या सुया निघाल्या, आणि खरंच सांगतो, शेवटच्या गाण्यात त्यांचा फरक जेवढा कळतो तेवढा पहिल्या गाण्यात कळत नाही.

म्हणून बरेच जण बाजूच्या शेवटी शांत गाणं ठेवायचे. पण बीटल्सनी १९६७ मध्ये सार्जंट पेपर्सच्या शेवटी काय ठेवलं तर अख्खा ऑर्केस्ट्रा खालून वर चढत जातो आणि मग पियानोचा तो प्रचंड कॉर्ड, म्हणजे सगळ्यात अवघड भाग सगळ्यात अडचणीच्या जागी. वर ब्रिटिश रेकॉर्डीत त्यानंतर कुत्र्यांना ऐकू येईल असा उंच सूर आणि लेबलजवळच्या शेवटच्या गोल खाचेत बडबडीचा एक तुकडा, सुई उचलेपर्यंत फिरत राहणारा. रेकॉर्ड ही वस्तूच वाद्यासारखी वापरली त्यांनी.

याच अल्बममध्ये तुलना करणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. मोनो आणि स्टीरिओ या एकाच मिक्सच्या दोन आवृत्त्या नाहीत, ती दोन वेगळी मिक्स आहेत, म्हणजे वाद्यं आणि आवाज दोनदा वेगवेगळे जुळवलेत, आणि शीज लिव्हिंग होम हे गाणं तर मोनोमध्ये जास्त वेगात आहे, जवळजवळ अर्धा सूर वर. मग मोनो 'जिवंत' वाटतं म्हणणारा माणूस खोटं बोलत नाहीये, पण त्याचं श्रेय तो चुकीच्या गोष्टीला देतोय. स्टीरिओ खाचेची युक्ती अॅलन ब्लुमलाइनने १९३१ सालीच पेटंटमध्ये लिहून ठेवली होती, डाव्या आणि उजव्या आवाजांची बेरीज सुईला आडवी हलवते आणि वजाबाकी वरखाली. म्हणून जोरकस बेस एकाच कुशीला ठेवला तर सुई वर उसळायला बघते, आणि म्हणूनच कटिंगवाले बेसला मध्ये आणतात.

कटिंगनंतरचा प्रवास थोडक्यात सांगतो. लॅकरच्या चकतीवर खाच कापतात, तिच्यावर चांदीचा पातळ थर, मग निकेल चढवून त्याची उलटी प्रत, तिच्यावरून सुलटी, तिच्यावरून पुन्हा उलटी, तो स्टँपर, आणि त्याने गरम पीव्हीसी दाबतात. स्टँपर झिजतो, त्यामुळे सुरुवातीची आणि शेवटची रेकॉर्ड सारखी नसते. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट टेपची. परदेशी कारखान्यांना बहुतेक वेळा मूळ टेप न जाता तिची कॉपी जायची, आणि प्रत्येक कॉपीत हिस्स, म्हणजे टेपची सुरसुर, वाढतो आणि धार जाते. म्हणून बँडच्या स्वतःच्या देशातली पहिली आवृत्ती लोक शोधतात, त्यामागे हे कारण आहे, मात्र तो नियम नाही, चांगल्या हाताने कट केलेलं नवं रिइश्यू, म्हणजे पुन्हा काढलेली आवृत्ती, जुन्या आवृत्तीला मागे टाकू शकतं. १८० ग्रॅम वजनाचं मात्र फार मनावर घेऊ नका, जाड रेकॉर्डमध्ये खाच काही जास्त खोल नसते. त्यापेक्षा मधलं भोक बरोबर मध्यभागी आहे ना ते बघा, अर्धा मिलिमीटर जरी सरकलं तरी आतल्या गाण्यांत सूर जवळपास ०.८ टक्के वरखाली होतो, आणि लांबवलेल्या पियानोच्या सुरात ते डुलणं कळतं.

मग तुलना करायची कशी? सगळ्यात आधी आवाज सारखा करा, कारण कान इथे हमखास फसतात. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की हळू आवाजात आपल्याला बेस आणि वरचे सूर मधल्या सुरांच्या मानाने कमी ऐकू येतात, म्हणजे नुसता व्हॉल्यूम वाढवला की तेच संगीत जास्त भरलेलं वाटायला लागतं. एखाद डेसिबल फरक असला तरी मोठी वाजणारी रेकॉर्ड 'चांगली' वाटते, आणि ती मोठी आहे हे लक्षातसुद्धा येत नाही. आरएलचं कौतुक करताना हे मी स्वतःला दर वेळी बजावतो. फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या अॅपवर दोन्ही रेकॉर्डींचा तोच तुकडा सारखा करून ऐकलं तरी त्यातला ड्रमचा धक्का मला वेगळा लागतो, पण आधी वाटला होता त्याच्या निम्मा. दोन्ही रेकॉर्डी धुवून घ्या, सुई तीच, सुईवरचं वजन तेच, आणि कुणाला तरी बदलायला सांगा, कुठली लावली ते न सांगता.

न सांगता हे फार महत्त्वाचं. २०२२ मध्ये उघड झालं की जुने अल्बम नव्याने काढणाऱ्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या बऱ्याच रेकॉर्डींमध्ये मधली एक पायरी डिजिटल होती, आणि ज्यांना डिजिटल लगेच ओळखू येतं असं वाटायचं अशा कित्येकांनी त्याच रेकॉर्डींना भरभरून दाद दिली होती. मला यात कुणाची फजिती दिसत नाही. त्या रेकॉर्डी चांगल्या वाजत होत्या आणि लोकांना चांगल्या ऐकू येत होत्या, इतकंच.

नव्याने सुरुवात करत असाल तर १९७३ चा पिंक फ्लॉइडचा डार्क साइड ऑफ द मून घ्या. पहिली बाजू काळजाच्या ठोक्यांनी सुरू होते, अगदी शांततेतून हळूहळू वर येत, आणि दुसरी बाजू त्याच ठोक्यांवर संपते. सुरुवातीचे ठोके सगळ्यात बाहेरच्या खाचेत, शेवटचे सगळ्यात आत. ५० हर्ट्झची लाट बाहेर एक सेंटिमीटर लांब असते आणि आतही चार मिलिमीटर, सुईला ती कुठेच जड नाही. म्हणून शेवटच्या ठोक्यांच्या आधी जे गाणं असतं त्यातल्या झांजा ऐका, त्या पहिल्या बाजूच्या झांजांइतक्या स्वच्छ आल्या तर सुई, तिच्यावरचं वजन आणि कटिंग तिन्ही जमलंय. मग दिवा मालवून ते शेवटचे ठोके खाचेच्या हलक्या खरखरीत विरेपर्यंत ऐकत राहा.