लस गोठली तर काय बिघडतं?

भारताने एखाद्या देशाला लशी पाठवल्या की बातमीतला आकडा बहुधा टनांत असतो. एप्रिल २०२५ मध्ये अफगाणिस्तानला गेलेला साठा ४.८ टनांचा होता. त्यात रेबीज, धनुर्वात, हेपटायटिस बी आणि इन्फ्लुएन्झाच्या लशी होत्या. गहू टनांत मोजावा, तंबू टनांत मोजावेत, पण लस टनांत मोजून फारसं काही कळत नाही. कोविडच्या लशी इतर देशांना पाठवण्याच्या ‘व्हॅक्सीन मैत्री’ या भारताच्या मोहिमेची सुरुवात २० जानेवारी २०२१ रोजी झाली. त्या दिवशी पुण्यात तयार झालेल्या कोविशील्डचे दीड लाख डोस मुंबईहून विमानाने भूतानला गेले. एक डोस अर्ध्या मिलिलिटरचा, म्हणजे प्रत्यक्ष लस भरली ७५ लिटर. दहा डोसांच्या कुप्यांमध्ये भरली तर कुप्या १५,०००. बाकी सगळं वजन काचेचं, पुठ्ठ्याचं, थर्माकोलचं आणि गार ठेवणाऱ्या पॅकचं.

हा गारवा २ ते ८ अंश सेल्सिअसच्या मध्येच राहिला पाहिजे. ८ ची मर्यादा सगळ्यांना ठाऊक असते, २ ची कुणाच्या लक्षात राहत नाही. २०२० मध्ये उणे ७० अंशांवर ठेवाव्या लागणाऱ्या लशीच्या बातम्या आल्या आणि ‘जितकी थंड तितकी सुरक्षित’ हा आधीच असलेला समज आणखी घट्ट झाला. तो पोलिओच्या थेंबांना लागू पडतो, ते उणे २० वर खुशाल ठेवतात. रेबीजची लस कोरड्या पुडीच्या रूपात असते, तिलाही फारसा धोका नाही. पण धनुर्वात आणि हेपटायटिस बीची लस एकदा गोठली की गेली.

का ते पाहू. या दोन्ही लशींमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो, हायड्रॉक्साइड किंवा फॉस्फेट. शरीराची प्रतिकारयंत्रणा जागी व्हावी म्हणून घातलेल्या अशा पदार्थाला अ‍ॅडजुव्हंट म्हणतात. त्याचे मायक्रोमीटरच्या मापाचे सैल पुंजके द्रवात तरंगत असतात आणि लशीतली प्रथिनं त्यांच्या पृष्ठभागाला चिकटलेली असतात. पुंजक्यांवर एकाच जातीचा विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. कुपी हलवली की द्रव एकसारखा दुधट दिसतो तो यामुळेच.

आता पाणी गोठू लागलं असं समजा. बर्फाचा स्फटिक शुद्ध पाण्याचाच बनतो, त्याच्या जाळीत मीठ बसत नाही आणि अ‍ॅल्युमिनियमचे कणही बसत नाहीत. स्फटिक वाढतो तसं हे सगळं उरलेल्या द्रवात ढकललं जातं आणि तो द्रव स्फटिकांमधल्या चिंचोळ्या फटींत कोंडतो. तिथे क्षारांचं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं, आणि क्षार वाढले की कणांमधलं विद्युत प्रतिकर्षण झाकोळलं जातं. शिवाय आम्लता स्थिर ठेवायला घातलेल्या फॉस्फेटच्या मिश्रणातला (बफर) एक क्षार दुसऱ्याच्या आधी स्फटिक होऊन बाहेर पडतो, त्यामुळे द्रवाचा पीएच घसरतो, म्हणजे तो जास्त आम्ल होतो. अशा अवस्थेत कण एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांचे घट्ट गोळे होतात. बर्फ वितळला तरी गोळे सुटत नाहीत. फाटलेलं दूध ढवळून पुन्हा एकजीव होत नाही, तसंच हे. टोचल्यावर प्रतिकारशक्ती कमी तयार होते. या गोळ्यांमुळे टोचलेल्या जागी त्रासही वाढू शकतो.

यात आणखी एक खोच आहे. शून्याखाली गेल्याबरोबर द्रव गोठेलच असं नाही. स्फटिकाला सुरुवात करून देणारं बीज मिळालं नाही, तर तो काही अंश खाली जाऊनही द्रवच राहतो. याला अतिशीतन म्हणतात. मग ट्रक खड्ड्यात आदळतो आणि त्या हिसक्याने कुपी गोठू शकते. म्हणून एकाच खोक्यातल्या काही कुप्या गोठतात, शेजारच्या वाचतात, आणि वरून बघून फरक कळत नाही.

हे नुकसान अनेकदा घडवतो तो आइसपॅक. डीप फ्रीझरमधून काढलेला पॅक उणे २० अंशांवर असतो. तो थेट कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या डब्यात ठेवला तर भिंतीलगतच्या कुप्या गोठवतो. म्हणून पॅक आधी बाहेर मांडून ठेवतात, त्यावरचं दव पुसतात आणि कानाशी धरून हलवतात. आत पाणी खळखळल्याचा आवाज आला की पॅक शून्य अंशावर पोचला, मगच तो भरायचा. उकाड्यात याला अर्धा-पाऊण तास पुरतो, गार खोलीत दीड तासही लागतो. घाईत हीच पायरी गाळली जाते, कारण ‘एवढी थंडी वाया कशाला घालवायची’ असं वाटतं. वाया किती जाते? ४०० ग्रॅम बर्फ उणे २० वरून शून्यावर यायला सुमारे १७ किलोज्यूल उष्णता लागते, आणि शून्यावरचा बर्फ पूर्ण वितळायला १३४ किलोज्यूल. म्हणजे थंडीचा नववा हिस्सा सोडून द्यायचा आणि उरलेले आठ हिस्से वापरायचे. तेही शून्य अंशावर स्थिर राहून.

मे महिन्यातल्या पुण्यात भरलेलं खोकं आणि जानेवारीत काबूलला उघडलेलं खोकं, दोघांचे शत्रू वेगळे. काबूल सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात तिथला पारा रात्री शून्याच्या बराच खाली जातो. तिथे पुढच्या प्रवासाला बर्फ नको, खोलीच्या तापमानाच्या पाण्याचे पॅक हवेत. आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा जो क वर्गाचा निकष आहे त्यात दोन्ही टोकं धरली आहेत: बाहेर ४३ अंश असताना आतलं तापमान किमान ४८ तास ३० च्या वर जाता कामा नये, आणि बाहेर उणे ५ असताना तितकाच वेळ २ च्या खाली जाता कामा नये.

कुपीवरचं व्हीव्हीएम, म्हणजे पोलिओच्या कुपीवर दिसतो तो वर्तुळातला चौकोन, फक्त उष्णता नोंदवतं. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस चालते, दोन्हींचा रंग सारखा झाला की फेकायची. गोठलेल्या लशीवरचा चौकोन मात्र छान फिकट असतो! गोठणं पकडायला खोक्यात तापमान टिपत राहणारा इलेक्ट्रॉनिक लॉगर लागतो. तापमान उणे ०.५ किंवा त्याखाली तासभर राहिलं की तो गजर नोंदवतो. माल वाहणाऱ्या ट्रकला लिंबू-मिरची टांगलेली असते. टांगावी, पण लॉगर चालू केला आहे की नाही तेही बघावं.

गजर वाजलेला असेल तर शेक टेस्ट. त्याच लशीची, त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम रात्रभर गोठवून वितळू द्यायची. ती आणि संशयित कुपी एकाच हातात धरून हलवायच्या, सपाट टेबलावर ठेवायच्या आणि अर्धा तास लक्ष ठेवायचं. संशयित कुपीतला गाळ मुद्दाम गोठवलेलीपेक्षा हळू बसला तर लस चांगली. तितक्याच किंवा जास्त वेगाने बसला तर तो साठा बाद. अ‍ॅल्युमिनियम नसलेल्या लशींना ही चाचणी लागू नाही. कुपीत बर्फच दिसत असेल तर चाचणीची गरजच नाही.

सरकारी मदतीचा हिशेब करताना यातलं काही मोजलं जात नाही. मे २०२१ अखेरपर्यंत भारतातून ६.६४ कोटी डोस बाहेर गेले होते. त्यातले भेट म्हणून दिलेले १.०७ कोटी, बाकीचे व्यापारी विक्रीचे आणि कोव्हॅक्स या जागतिक लसवाटप योजनेचे. ‘भारताने जग वाचवलं’ आणि ‘आपल्या लशी फुकट वाटल्या’ असं म्हणणारे दोघेही या आकड्यांसमोर थोडे गप्प बसतील.

मलावीत त्याच वर्षी जे झालं त्यात थंडीचा दोष नव्हता. आफ्रिकन युनियनमार्फत पुण्यात बनलेल्या लशीचा साठा तिथे २६ मार्चला पोचला, मुदत १३ एप्रिलला संपत होती. हाती होते १८ दिवस. १९ मे रोजी उरलेले १९,६१० डोस भट्टीत जाळले. म्हणून साठा निघण्याआधी घेणाऱ्या देशाकडून तीन गोष्टी लेखी घ्यायला हव्यात: शीतगृहात रिकामी जागा किती लिटर, विमानतळापासून तिथपर्यंत किती तास, आणि दिवसाला किती डोस टोचता येतील. यातला शेवटचा आकडा शिल्लक दिवसांनी गुणला आणि पाठवायच्या डोसांपेक्षा कमी आला, तर तेवढे डोस कमी भरायचे.