उभ्या गाडीचे इंजिन तापणे

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातला हा एक नेहमीचा बिघाड. गाडी धावत असताना तापमानाचा काटा मध्यावर असतो. सिग्नलला किंवा कोंडीत उभी राहिली की काटा चढतो आणि रस्ता मोकळा झाला की दोन-चार मिनिटांत पुन्हा उतरतो. निदानाचा मुख्य धागा या चढउतारातच आहे. वेगात इंजिन थंड राहते, याचा अर्थ पाणी फिरते आहे आणि रेडिएटर उष्णता सोडतो आहे. कमी पडते ती बहुधा हवा. म्हणून तपास पंख्यापासून सुरू करायचा असतो. प्रत्यक्षात बऱ्याच गॅरेजांत आधी थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून फेकला जातो, मग रेडिएटर रॉडिंगला, म्हणजे नळ्यांत सळ्या घालून सफाईला जातो, आणि जळालेला रिले (पंख्याला वीज सोडणारा स्विच) सगळ्यात शेवटी सापडतो.

पुण्यात या तक्रारी मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत वाढतात. हिंजवडीहून संध्याकाळी निघणारी रांग, विद्यापीठ चौक, नवले पूल, कात्रज-कोंढवा रस्ता, रविवारी सिंहगडाची वाट: सगळीकडे एसी लावून पहिल्या गिअरमध्ये सरकणे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि डांबरालगतची हवा त्याहून गरम असते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने उघड्या भांड्यातले पाणी इथे ९८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण दाब धरत असेल तोवर या दोन अंशांचे काही वाटत नाही. झाकण ढिले पडले की ते जाणवतात.

उष्णतेचा हिशेब

लहान पेट्रोल गाडी नुसती उभी राहून तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल जाळते. त्यातली निदान एक तृतीयांश उष्णता पाण्यात उतरते, म्हणजे ढोबळमानाने २ किलोवॅट, बाथरूममधल्या गीझरएवढी. एसी चालू असेल तर कंडेन्सरची (रेडिएटरसमोरच्या एसीच्या जाळीची) उष्णता रेडिएटरच्या तोंडावरच पडते. ताशी ६० किलोमीटर वेगात समोरून येणारा वारा हे सगळे सहज वाहून नेतो. उभ्या गाडीत ते काम एकट्या पंख्याकडे येते. त्यात वॉटर पंप इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो आणि आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) फेरे मिनिटाला ७०० ते ९०० एवढेच असतात, त्यामुळे पाण्याचा प्रवाहही मंद असतो.

यावरून एक सोपी चाचणी करता येते. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, काटा नेहमीपेक्षा थोडा वर. अॅक्सिलरेटर दाबून फेरे २,००० वर दोन मिनिटे धरावेत. काटा उतरला तर संशय पाण्याच्या प्रवाहावर: पंपाचा पंखा झिजला आहे किंवा दांड्यावर घसरतो आहे, बेल्ट ढिला आहे, किंवा पाणी कमी आहे. (बेल्टवर फिरणारा पंखा असलेल्या गाडीत फेऱ्यांबरोबर पंखाही वेग घेतो, तिथे ही चाचणी दोन्हींकडे बोट दाखवते.) काटा उतरला नाही, उलट चढला, पण रस्त्यावर गाडी पळवताच उतरतो, तर विजेचा पंखा किंवा हवेची वाट यांतच दोष आहे.

घाटात चढताना तापणारी गाडी वेगळी. खंबाटकीत किंवा बोरघाटात तिसऱ्या गिअरमध्ये ओढताना काटा वर जातो आणि सिग्नलला मात्र गाडी ठीक असते, तेव्हा रेडिएटर आतून चोंदणे, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणे आणि हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या सांध्यातले सील) हे संशयित आधी येतात. दोन्हीकडे तापते तेव्हा पहिल्यांदा कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी बघावी.

विजेचा पंखा

इंजिन सुरू करून एसी लावला की बहुतेक लहान गाड्यांत पंखा काही सेकंदांत फिरू लागतो, इंजिन थंड असले तरी. तो फिरला तर मोटर, वायरिंग आणि रिले यांचा निदान एक मार्ग शाबूत आहे. मग एसी बंद करून गाडी आयडलिंगला ठेवावी. साधारण ९५ ते १०० अंशांना पंखा आपोआप सुरू होऊन पाचेक अंश उतरल्यावर थांबला पाहिजे. एसीवर फिरतो पण तापमानावर फिरत नाही, तेव्हा सेन्सर, स्विच किंवा त्यांचा सॉकेट तपासावा.

पंखा मुळीच फिरत नसेल तर क्रम असा ठेवावा. आधी फ्यूज. तो नुसता डोळ्यांनी न बघता टेस्ट लॅम्पने दोन्ही टोकांवर तपासावा, कारण तडा गेलेला फ्यूज पुष्कळदा धड दिसतो. नंतर रिले: बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, असेल तर अदलाबदल करून बघावी. त्यानंतर मोटरचा सॉकेट काढून बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्यावेत, वायर २.५ चौरस मिलिमीटरची आणि मध्ये ३० अँपिअरचा फ्यूज हवाच. लहान गाडीची मोटर साधारण ८ ते १५ अँपिअर ओढते. थेट करंटवरही गप्प असलेली मोटर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर सुरू झाली, तर तिचे कार्बन ब्रश संपले आहेत. ठोकून चालणारी मोटर पुढच्या कोंडीत दगा देणार, तिच्यावर भरवसा नको. सॉकेटचे प्लॅस्टिक तपकिरी पडून वितळलेले दिसले तर नव्या मोटरबरोबर सॉकेटही बदलावा. जुन्या सैल पिनांमध्ये नवी मोटरही तापून बंद पडते.

पंखा फिरतो म्हणजे तो पुरेसा वारा ओढतो असे नाही. एसी लावून समोरच्या जाळीवर कागद धरावा; तो चिकटून राहिला पाहिजे. गळून पडला तर मोटर मंद आहे, जाळी चोंदली आहे किंवा पंखा उलटा फिरतो आहे. उलटा फिरण्याचा प्रकार मोटर बदलल्यावर होतो. दोन वायरी उलट जोडल्या की डीसी मोटर उलट दिशेने फिरते आणि इंजिनकडची गरम हवा पुढे ढकलते. धावत्या गाडीत समोरच्या वाऱ्याशी भांडते ते वेगळेच. दोन वेगांच्या पंख्यात कमी वेगाचा रेझिस्टर जळाला तर पंखा फक्त जोरात फिरतो, तोही उशिरा. काटा मग बराच वर जातो, झपकन उतरतो, पुन्हा वर जातो.

इंजिन बंद असले तरी काही गाड्यांत हा पंखा अचानक सुरू होतो. हात घालण्याआधी सॉकेट काढावा.

बेल्टवरचा पंखा

बोलेरोसारख्या पुढच्या बाजूला गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले इंजिन असलेल्या जुन्या डिझेल गाड्यांत पंखा बेल्टवर आणि मध्ये सिलिकॉन तेलाचा व्हिस्कस क्लच असतो. रेडिएटरमधून आलेल्या हवेने क्लचच्या तोंडावरची द्विधातूची पट्टी तापली की तो घट्ट होतो आणि पंखा जोर धरतो. गरम इंजिन बंद करून, किल्ली काढून, पंखा हाताने फिरवून पाहावा. सोडल्यावर लगेच थांबला तर ठीक. मोकळा गरगर फिरत राहिला तर तेल गेले आहे. क्लचच्या मध्याभोवती धूळ चिकटलेला तेलकट पट्टा हीसुद्धा त्याचीच खूण. बोल्ट मारून क्लच कायमचा पक्का करण्याचा जुगाड दिसतो. त्याने गाडी थंड राहते खरी, पण डिझेल जास्त खाते, आवाज करते आणि पंपाच्या बेअरिंगवर ताण येतो. गावी पोचण्यापुरता तो चालेल.

हवेची वाट

समोर कंडेन्सर, मागे रेडिएटर आणि दोघांमध्ये बोटभर फट. या फटीत किडे, वाळके गवत, बांधकामाची बारीक धूळ आणि पावसाळी चिखल जमतो, आणि तो ना समोरून दिसतो ना मागून. कंडेन्सरचे वरचे बोल्ट सोडून तो थोडा पुढे ओढला की गाळाचा थर निघतो. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर मारावे, साध्या पाइपने. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर जेट जवळून मारला की पातळ अॅल्युमिनियमचे पंख आडवे होतात आणि धुतल्यानंतर गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

समोरून ठोकलेली गाडी दुरुस्त होऊन आली आणि तेव्हापासून तापते, या तक्रारीत पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण आणि रेडिएटरच्या कडेच्या फोमच्या पट्ट्या बघाव्यात. त्या परत बसवायचे राहून गेलेले असते. उभ्या गाडीत मग पंख्याने मागे टाकलेली गरम हवा कडेच्या फटीतून पुन्हा समोर येते आणि तीच तीच हवा फिरत राहते. वेगात हा दोष दिसतच नाही.

कूलंट, झाकण, अडकलेली हवा

लहान हॅचबॅकमध्ये साधारण ३.५ ते ५ लिटर कूलंट बसते, मोठ्या डिझेल गाड्यांत ८ लिटर आणि वर. घट्ट (कॉन्सन्ट्रेट) कूलंट असेल तर तेवढेच डिस्टिल्ड पाणी मिसळायचे. ‘तयार’ लिहिलेल्या डब्यात पाणी घालायचे नाही. उपनगरांतल्या सोसायट्यांचे बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतू नये. त्यातले क्षार बारीक नळ्यांत बसतात आणि एक-दोन उन्हाळ्यांत खालच्या नळ्या गच्च होतात. अशा रेडिएटरवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला की तापमान हळूहळू उतरण्याऐवजी मध्येच थंड पट्टे सापडतात. हिरवे आणि लाल कूलंट एकत्र करण्यापेक्षा सगळे काढून नवे भरणे बरे.

झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. तो दाब, बारमध्ये. १.१ च्या झाकणाखाली निम्म्या प्रमाणाचे कूलंट १२५ अंशांच्या पुढेपर्यंत उकळत नाही. रबराला चीर गेली किंवा स्प्रिंग मेली की पाणी बाजूच्या राखीव टाकीत निघून जाते, परत येत नाही. नाना पेठेत (पुण्यातला सुट्या भागांचा बाजार) झाकण घेताना जुने बरोबर न्यावे आणि व्यासाबरोबर आकडाही जुळवावा.

कूलंट बदलल्यावर आत हवेचा बुडबुडा राहिला तर तो हेडमधल्या सर्वात उंच जागी बसतो आणि आयडलिंगच्या मंद प्रवाहाने हलत नाही. गाडीचे तोंड उतारावर वर करून, थंड इंजिनात झाकण उघडे ठेवून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन सुरू करावे. वरचा होज पाइप अधूनमधून दाबावा, पातळी उतरेल तसे भरावे, आणि थर्मोस्टॅट उघडायच्या बेतात, पाणी उसळण्याआधी, झाकण लावावे. त्यानंतर पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबावे. हीटरमधून गरम वारा येत नसेल तर हवा अजून आतच आहे.

बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटमध्ये रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम ठेवण्यासाठी कूलंटच्या पाइपला टी-जोड दिलेले असतात. हे जोड आणि त्यांच्या क्लिपा हळूहळू झिरपतात. रिड्युसरवर दव किंवा बर्फ दिसणे, सीएनजीवर गाडीला झटके बसणे ही पाणी कमी झाल्याची खूण काटा चढण्याच्या आधी मिळते.

थर्मोस्टॅट, सेन्सर, गॅस्केट

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर वरचा होज चटका देतो, खालचा थंड राहतो आणि गाडी वेगातही तापते. संशय असेल तर तो काढून पातेल्यात पाण्यात टाकावा, थर्मामीटर धरावा. अंगावर कोरलेल्या आकड्याला, समजा ८२ ला, उघडायला लागून ९५ च्या सुमारास पूर्ण उघडला पाहिजे. तो कायमचा काढून टाकणे हा उपाय नाही. काही इंजिनांत त्यामुळे बायपासची वाट उघडी राहते आणि बरेचसे पाणी रेडिएटरला न शिवता इंजिनात परत जाते.

अनेक गाड्यांत आता काटा नसून निळा आणि लाल दिवा असतो. २०१३ नंतरच्या गाडीत ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाचा तपासणीचा सॉकेट) स्वस्तातला स्कॅनर लावून मोबाइलवर अंश वाचता येतात. अंदाजापेक्षा हे केव्हाही चांगले. सेन्सर मल्टिमीटरवर तपासायचा तर २० अंशांना साधारण २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास आकडा येतो, गाडीगणिक थोडा फरक.

थंड इंजिन सुरू करताच मिनिटभरात होज दगडासारखा कडक होणे, टाकीत सतत बुडबुडे, कूलंट दिसेनासे होणे, एक्झॉस्टला गोडसर वासाचा पांढरा धूर ही लक्षणे हेड गॅस्केटची. हेड उतरल्यावर त्याचा तळ सरळपट्टी आणि फीलर गेजने तपासावा. ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा बाक बहुतेक लहान इंजिनांत चालतो, त्यापुढे फेसिंग, म्हणजे तळ घासून सपाट करणे.

कोंडीत अडकल्यावर

एसी बंद, हीटर पूर्ण गरम, ब्लोअर पूर्ण जोरात, काचा खाली. मे महिन्यात हे सोसवत नाही, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. लाल दिवा लागला किंवा काटा लाल पट्टीत गेला की बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. विजेचा पंखा चालत असेल तर किल्ली चालूवर ठेवावी, म्हणजे तो फिरत राहतो. बॉनेट उघडावे, झाकणाला निदान पाऊण तास हात लावू नये. तापलेल्या इंजिनावर बाटलीतले थंड पाणी ओतू नये, हेडला तडा जातो. सांडलेले कूलंट गोड असते आणि विषारी. गल्लीतली कुत्री-मांजरे ते चाटतात, म्हणून भरपूर पाण्याने धुवून टाकावे.

हवेने थंड होणाऱ्या मोटरसायकलला पंखाच नसतो. लांब सिग्नलला इंजिन बंद करणे एवढाच इलाज. स्कूटरमध्ये पंखा आणि हवा वळवणारे आवरण असते, ते फुटले किंवा त्यात चिंधी अडकली की स्कूटर उभ्यावरच तापते.

दुरुस्ती झाल्यावर एसी लावून अर्धा तास आयडलिंगला उभी ठेवल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये, तीही शक्यतो दुपारी. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनात पातळी बघावी. अडकलेली हवा रात्रीत सुटून पाव लिटरभर कूलंट उतरलेले असते, तेवढे भरावे. तिसऱ्या दिवशीही पातळी उतरली तर गळती शोधावी.