लिगामेंट-स्नायूंच्या दुखापतीवरच्या ट्रायलमध्ये नाव नोंदवायचंय? अर्ज नेमका कुठे अडकतो ते आधी वाचा

घोटा मुरगळला, मांडीमागचा स्नायू धावताना ताणला गेला, किंवा कोपर महिनोन्‌महिने ठणकतंय. आणि कुणीतरी सांगितलं की अशाच दुखापतीवर नव्या उपचाराची क्लिनिकल ट्रायल सुरू आहे. फॉर्म भरला. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: ‘आपण पात्रता निकषांत बसत नाही.’ का बसत नाही, ते बहुतेक वेळा कुणी लिहीत नाही. ट्रायलवाल्यांच्या भाषेत याला ‘स्क्रीन फेल्युअर’ म्हणतात. शब्दच असा, की माणसाला वाटतं आपण नापास झालो.

अशा अर्जांची छाननी करण्यात माझी बरीच वर्षं गेली. दुखापत चुकीची म्हणून परत गेलेले अर्ज मी कमी पाहिले. दुखापत कधी झाली आणि त्यानंतर तिच्यावर काय काय केलं, हे कागदावर दाखवता न आल्यामुळे परत गेलेलेच जास्त. म्हणून वय, ओळखपत्र, संपर्क क्रमांक या गोष्टींवर इथे वेळ घालवत नाही. वयाची अट जाहिरातीत लिहिलेली असते, ओळखपत्र कुठलंही अधिकृत चालतं. अडचणी पुढे आहेत.

आधी एक गैरसमज

हा उपचार मिळवण्याचा अर्ज नाही. कुठला उपचार खरंच चालतो हे शोधण्यात सहभागी होण्याचा अर्ज आहे. तुम्ही कुठल्या गटात जाणार हे संगणकाची यादी ठरवते. डॉक्टरांना विनवून गट बदलत नाही. नव्या इंजेक्शनऐवजी साधं सलाइन टोचलं जाऊ शकतं आणि ते तुम्हाला कळणारही नाही. ‘मग माझं नुकसानच की,’ असं लगेच म्हणू नका. मांडीमागच्या स्नायूच्या ताज्या दुखापतीत रुग्णाच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेट्सचा अर्क, म्हणजे पीआरपी, टोचून पाहणारी एक ट्रायल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ८० खेळाडू होते, अर्ध्यांना पीआरपी, अर्ध्यांना सलाइन. पीआरपीवाले लवकर मैदानात परतले नाहीत. नवं म्हणजे चांगलंच, हे आधीच माहीत असतं तर ट्रायल घ्यायचं कारणच उरत नाही.

‘मला ते नवीन इंजेक्शनच हवं’ असं फॉर्मवर लिहिणारे दर महिन्याला भेटतात. त्यांना समजावून सांगण्यातच निम्मी मुदत जाते.

७२ तास कुठून मोजायचे

सगळ्यात जास्त माणसं इथे घसरतात. ताज्या दुखापतीच्या ट्रायलमध्ये मुदत फार आखूड असते: कुठे ४८ तास, कुठे ७२, कुठे पाच दिवस. वर सांगितलेल्या स्नायूच्या ट्रायलमध्ये पहिलं इंजेक्शन दुखापतीपासून पाच दिवसांच्या आत द्यायचं होतं. गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटवरची, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यावरची, २०१० ची एक नावाजलेली ट्रायल (१२१ जण, वय १८ ते ३५) तुलनेने उदार होती; तिथे दुखापत चार आठवड्यांच्या आतली असली तरी चालत होतं.

ही मुदत दुखापतीच्या क्षणापासून धरतात. डॉक्टरांकडे गेलात त्या वेळेपासून नाही, आणि सूज वाढून घाबरलात त्या दिवसापासूनही नाही. मुदत संपायच्या आत नुसता अर्ज पोचून भागत नाही. तपासणी, संमती आणि गटवाटप एवढं सगळं उरकलं पाहिजे.

एक उदाहरण डोळ्यांसमोरून जात नाही. एका मुलीचा घोटा शनिवारी संध्याकाळी सहाला मुरगळला. रविवारी ‘उतरेल’ म्हणून घरीच. सोमवारी सकाळी केसपेपर झाला, त्यावर एवढंच: ‘दोन दिवसांपासून दुखतंय’. तिने ७२ तास सोमवारपासून मोजले आणि गुरुवारपर्यंत वेळ आहे असं धरून मंगळवारी रात्री आठला अर्ज टाकला. मुदत त्याच दिवशी सहाला संपली होती. सूज, जागा, वय सगळं निकषात चपखल बसत होतं. दोन तास. तिला फोनवर हे सांगताना मलाच अपराधी वाटत होतं.

नियम निष्ठुर वाटतो, पण त्याला कारण आहे. ताज्या दुखापतीत दाह पहिल्या काही दिवसांत झपाट्याने बदलतो. दुसऱ्या दिवशीचा घोटा आणि सहाव्या दिवशीचा घोटा एकाच तराजूत घातले, तर सुधारणा उपचाराने झाली की नुसत्या दिवसांनी, हे सांगता येत नाही.

जुनाट दुखण्यांत, म्हणजे टेनिस एल्बो (कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं) किंवा टाचेमागच्या टेंडनच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) दुखण्यात, हिशोब उलटा असतो. तिथे दुखणं किमान सहा आठवडे किंवा तीन महिने जुनं असावं अशी अट असते. घाईने महिन्याभरात अर्ज केला तर तोही परत. अट नीट वाचा: ‘च्या आत’ लिहिलंय की ‘किमान’.

जो कागद कुणाकडेच नसतो

तो म्हणजे दुखापतीच्या तारखेचा पुरावा. छाननी करणाऱ्याला त्या वेळी लिहिलेली नोंद लागते; आठवणीवर चालत नाही. आणि डॉक्टर गर्दीत केसपेपरवर काय लिहितात? ‘घोटा मुरगळला. गोळ्या दिल्या.’ डावा की उजवा? कधी? कसा? पत्ता नाही. दोनदा तर असं झालं की केसपेपर डाव्या पायाचा आणि सूज उजव्या पायाला.

म्हणून डॉक्टरांसमोर बसल्या बसल्याच चार गोष्टी लिहून मागा: दुखापतीची तारीख आणि वेळ, कोणती बाजू, कशी झाली, आणि काय औषध दिलं. संकोच करू नका, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

केसपेपर नसेल तर सगळं संपलं असंही नाही. संघाच्या फिजिओची नोंद, औषधाच्या दुकानाची पावती, सुजलेल्या पायाचा तारखेसह फोनमधला फोटो, ‘पाय मुरगळलाय, यायला उशीर होईल’ असा त्याच दिवशी पाठवलेला मेसेज, जे असेल ते घेऊन या. यातलं काय ग्राह्य धरायचं हे त्या ट्रायलचे नियम ठरवतात, पण दाखवल्याशिवाय कुणी विचारही करणार नाही.

मागची तारीख घालून केसपेपर मात्र आणू नका. असे कागद पकडले जातात, कारण ट्रायलचे कागद बाहेरचे निरीक्षक येऊन तपासतात. त्यात तुमचा अर्ज तर जातोच, लिहून देणारे डॉक्टरही गोत्यात येतात.

‘काही घेतलं नाही हो’

औषधांच्या रकान्यात दहातले निम्मे लोक असंच लिहितात. मग बोलता बोलता कळतं की दुखण्यावरच्या दोन गोळ्या झाल्या, मलम चोळलं, स्प्रे मारला, आणि ‘ते तर साधंच होतं’. ट्रायलला साधं काही नसतं. ॲस्पिरिन प्लेटलेट्सना त्यांच्या उरलेल्या आयुष्यभरासाठी निकामी करतं. नव्या प्लेटलेट्स तयार व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. पीआरपीच्या ट्रायलमध्ये म्हणूनच गोळ्यांचा एवढा काथ्याकूट होतो. पण ट्रायलसाठी म्हणून हृदयविकाराची ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. असं करून आलेला माणूस पाहून मला घाम फुटला होता. ती गोळी चालू असल्याने नाव गेलं तर जाऊ द्या.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा घोळ आणखी मोठा. ‘मागे एक दुखण्याचं इंजेक्शन घेतलं होतं’ एवढंच लोकांना ठाऊक असतं. कुठलं, कधी, कुणास ठाऊक. बऱ्याच ट्रायलमध्ये गेल्या तीन किंवा सहा महिन्यांत त्याच जागी स्टिरॉइड टोचलेलं असेल तर प्रवेश नाही. टेनिस एल्बोवरच्या २००६ च्या १९८ जणांच्या ट्रायलमध्ये सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाला गट सगळ्यांच्या पुढे होता. वर्षअखेरीस तोच फिजिओथेरपीच्या गटाच्या मागे पडला, अनेकांचं दुखणं उलटलं. अशा औषधाचा असर अंगात असताना दुसऱ्या उपचाराचं मोजमाप कसं करायचं? ज्या दवाखान्यात टोचलं तिथे जाऊन औषधाचं नाव आणि तारीख लिहून आणा. ते टाळाटाळ करतील. ‘जुने कागद सापडत नाहीत’ हे वाक्य मला पाठ झालंय. पुन्हा जा.

फॉर्ममध्ये अँटिबायोटिक्सबद्दल विचारलं की लोक वैतागतात: घोट्याचा आणि लघवीच्या इन्फेक्शनचा काय संबंध? संबंध आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या औषधांनी टेंडन कमजोर होऊन तुटू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये त्यांच्यावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला, तो यासाठीच. टेंडनची ट्रायल असेल तर गेल्या काही महिन्यांची सगळी प्रिस्क्रिप्शनं शोधून ठेवा.

एमआरआय, आणि ते हरवलेलं कार्ड

रिपोर्ट पुरत नाही, मूळ चित्रं लागतात. रिपोर्टवर ‘ग्रेड दोन’ अशी दुखापतीची पायरी लिहिलेली असली तरी ट्रायलचा रेडिओलॉजिस्ट स्वतः पाहून ठरवतो, आणि त्याचं मत वेगळं निघू शकतं. सीडी आणलीत तर घरी एकदा उघडून पाहा. रिकाम्या सीडी मी डझनाने पाहिल्या असतील.

अंगात धातू असेल, म्हणजे पेसमेकर, स्टेंट, हाडातली पट्टी, तर एमआरआयच्या आधी तो कुठल्या प्रकारचा आहे हे सिद्ध करावं लागतं. ऑपरेशननंतर त्याचं एक छोटं कार्ड मिळतं. ते सांभाळून ठेवलेला माणूस अजून मला भेटायचाय. ऑपरेशन झालं त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून डिस्चार्ज कार्ड आणि इम्प्लांटच्या स्टिकरची प्रत मागा. वेळ लागतो, म्हणून हे काम दुखापत होण्याची वाट न पाहता केलेलं बरं.

दुखतंय किती?

शून्य ते दहामध्ये वेदना सांगायची असते आणि किमान चार किंवा पाच असावी अशी अट असू शकते. आपल्याकडची सवय: ‘आहे थोडं, चालतंय.’ मग तीन लिहिलं जातं आणि नाव गळतं. उलट काहीजण आत शिरण्यासाठी नऊ सांगतात, आणि काही ट्रायलमध्ये वेदना फार असलेल्यांनाही वगळतात. पायरी उतरताना, मूठ वळताना जे जाणवतं तेच सांगा. दुसऱ्या बाजूच्या जुन्या दुखापतीही लपवू नका. चांगला पाय तुलनेसाठी मोजतात, तोच लंगडा निघाला तर सगळं मोजमाप वाया.

संमतीपत्र आणि पैसे

सही तुमची, आणि सहीखालची तारीखही तुमच्याच हातची. ‘तारीख आम्ही घालतो’ असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. एक प्रत घरी न्या. कारण न देता कधीही बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. हे १९६४ पासूनच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात आलेलं आहे, कुणाची मेहरबानी नाही.

तपासण्यांचा खर्च कोण करणार आणि ट्रायलमुळे इजा झाली तर भरपाई कोण देणार, हे माहितीपत्रकात शोधा. ‘नोंदणी फी’ मागितली तर सावध व्हा. एखादी ट्रायल सार्वजनिक नोंदवहीत दिसते म्हणजे सरकारने ती तपासून मान्य केली असं होत नाही. अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही नोंदवही तसं स्वतःच सांगते. एथिक्स कमिटीच्या, म्हणजे सहभागी होणाऱ्यांची सुरक्षितता आणि हक्क पाहणाऱ्या समितीच्या, मंजुरीचं पत्र मागा. ते दाखवायला कुरकुर करतात त्यांच्याकडे पाऊलही टाकू नका.

स्पर्धांमध्ये उतरणाऱ्यांसाठी एक जास्तीची पायरी आहे. पीआरपी २०११ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, वाडाच्या, बंदी यादीत नाही. पण स्टिरॉइडची इंजेक्शनं २०२२ पासून स्पर्धेच्या काळात बंद आहेत, मग ती सांध्यात टोचलेली का असेनात. आणि गट लपवलेला असल्याने आपल्याला काय टोचलंय हे तुम्हाला सांगताही येणार नाही. संघटनेच्या डॉक्टरांना आधी विचारा.

नाव गळलं तर

कारण लेखी मागा. बहुतेक ठिकाणी न मागता देत नाहीत, मागितलं की देतात. कारण वयाचं किंवा जुन्या ऑपरेशनचं असेल तर विषय संपला. पण ‘औषधाचा कालावधी पूर्ण नाही’, ‘एमआरआय जुना’, ‘दुखणं तीन महिन्यांहून कमी’ यांतलं काही असेल, तर पुन्हा छाननी करता येते का ते विचारा आणि त्याची तारीख फोनवर न घेता लिहून घ्या. ती तारीख आली की स्वतःहून फोन करा. तिकडून कुणी करत नाही.