गुडघ्याच्या वाटीचा सांधा

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरील खाच आणि गुडघ्याची वाटी (पॅटेला) यांमधील सांधा. गुडघ्याच्या संयुक्त सांध्याचा हा पुढचा भाग होय. कंडरेत (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरासारख्या भागात) गुंतलेल्या हाडांपैकी वाटी शरीरातील सर्वांत मोठे हाड आहे. जन्मतः ती कूर्चेची (मऊ, लवचिक हाडाची) असते. हाड होण्यास साधारणतः ३ ते ६ वर्षांच्या दरम्यान सुरुवात होते, मुलींत थोडी आधी.

वाटीच्या उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. कंडरेवरील घर्षण व दाब यांमुळे ती कंडरेतच घडते, असे दीर्घकाळ मानले जाई. उंदरांच्या भ्रूणांवरील २०१५ च्या संशोधनात मात्र ती आधी मांडीच्या हाडाला लागून उगवते व नंतर सांधा तयार होताना सुटी होते, असे दिसले. माणसातही हाच क्रम असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. बहुतेक शिशुधानी (कांगारूसारख्या, पोटाशी पिशवी असलेल्या) प्राण्यांत हाडाऐवजी तंतुकूर्चेची गादी असते. पक्षी, सरडे व सस्तन प्राणी यांत वाटी स्वतंत्रपणे उद्‌भवली असावी. सुश्रुतसंहितेत जानूचे (गुडघ्याचे) हाड ‘कपाल’ म्हणजे चपट्या हाडांच्या वर्गात मोडते, तर जानुमर्माला (गुडघ्यातील नाजूक जागेला) इजा झाल्यास लंगडेपणा येतो असे म्हटले आहे.

वाटीच्या मागील पृष्ठावर उभा कंगोरा असून त्याच्या बाहेरचा उतार बहुधा मोठा असतो. या उतारांच्या प्रमाणावरून विबर्ग यांनी १९४१ मध्ये तीन प्रकार केले. येथील कूर्चा शरीरातील सर्वांत जाड कूर्चांपैकी आहे. पाय सरळ असताना वाटी खाचेच्या वर राहते. सुमारे २०° वाकल्यावर तिचा खालचा भाग खाचेला टेकतो आणि ९०° पर्यंत संपर्काचा पट्टा वाटीवर वर सरकत जातो. त्यापुढे मांडीच्या पुढच्या बाजूच्या, गुडघा सरळ करणाऱ्या चतुःशिरस्क स्नायूची कंडराही हाडाला टेकून काही भार घेते.

वाटी निरुपयोगी आहे, मोडल्यास काढून टाकावी, असे शल्यचिकित्सक ब्रुक यांनी १९३७ मध्ये प्रतिपादले व काही काळ ते मान्यही झाले. हॅक्स्टन (१९४५) व कॉफर (१९७१) यांच्या प्रयोगांनी ते मागे पडले. वाटी कंडरेला सांध्याच्या अक्षापासून दूर धरते, त्यामुळे तरफेची भुजा वाढते. कॉफर यांच्या मते पाय पूर्ण सरळ करताना लागणाऱ्या बलाघूर्णात (सांध्याभोवती फिरवणाऱ्या जोरात) तिचा वाटा सुमारे ३०% असतो. खोल वाकलेल्या स्थितीत तो याच्या निम्म्याहूनही कमी होतो.

सांध्यावरील दाब चालताना शरीरभाराच्या सुमारे निम्मा, जिन्यावर ३.३ पट व खोल बैठकीत ७.६ पट असतो, असा राइली व मार्टेन्स यांचा अंदाज (१९७२) आहे. नंतरच्या गणितांत आकडे बदलतात, क्रम बदलत नाही. बेळगाव-खानापूरकडील तालमींतल्या बैठका आणि निपाणी भागात विड्या वळणाऱ्या बायकांचे मांडी घालून बसणे, या दोन्हींना गुडघेदुखीसाठी सरसकट दोष दिला जातो. यांत्रिकी दृष्ट्या ते बरोबर नाही. बैठकीत वाकलेल्या गुडघ्यावर स्नायू पूर्ण जोराने ओढतो. मांडी घातल्यावर भार कुल्ल्यांवर जातो आणि स्नायू सैल पडतो. तेथे ताण येतो तो उठताना, विशेषतः हात न टेकता उठल्यास. बेळगावजवळचा राजहंसगड किल्ला उतरताना वाटीमागे ठणकते तेही यामुळेच: वाकणाऱ्या गुडघ्याला स्नायू रोखून धरतो.

वाटी सरकते ती बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूला. गुडघा वाकण्याच्या सुरुवातीच्या अंशांत आतल्या बाजूचा अस्थिबंध (हाडांना जोडणारा पट्टा) तिला अडवतो, पुढे खाचेचा उंच बाहेरचा काठ. खाच उथळ असल्यास किंवा वाटी नेहमीपेक्षा वर बसलेली असल्यास धोका वाढतो. काही जणांत वाटीचा वरचा-बाहेरचा कोपरा हाड होताना उरलेल्या भागाशी न जुळता सुटा राहतो. क्ष-किरण चित्रात तो अस्थिभंग समजला जाण्याचा संभव असतो.